लाईन गेली की पाईप फुटतो: पाण्याचा धक्का मोजायला घरी केलेला डायफ्राम सेन्सर

नाल्याकाठचा | ९ मार्च, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी,

वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. विहीर खाली नाल्याकाठी, बाग वर बरडावर. मधे ७०० मीटर पाईपलाईन, ९० मिमीचा ६ किलोचा पीव्हीसी (चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाब सोसणारा; पुढे 'किलो' म्हणजे हाच दाब). मोटर ५ एचपीची. बाग विहिरीपासून २२ मीटर उंच. मोटर चालू असताना विहिरीवरचं गेज साडेतीन किलो दाखवतं, म्हणजे पाईपला काही धोका दिसत नाही. तरी दोन हंगामांत पाईप पाच वेळा फुटला, आणि पाचही वेळा लाईन (वीज) गेल्यावर. यंदा आंबिया बहाराची फळं धरत असतानाच फुटला, तीन दिवस झाडांना पाणी मिळालं नाही. झाडाखाली मटाराएवढी फळं गळून पडलेली पाहिली आणि ठरवलं, की त्या क्षणी पाईपात नेमका किती दाब होतो ते मोजायचंच.

मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला आहे. गेजची सुई एवढ्या घाईचा दाब दाखवू शकत नाही हे कळत होतं, म्हणून सेन्सर स्वतः केला. स्टेनलेस ३०४ च्या ०.३ मिमी पत्र्याची चकती कापली, ओ-रिंग घालून दोन फ्लँजमधे आवळली. मोकळा भाग २० मिमी व्यासाचा. ही दाबाने वाकणारी चकती म्हणजेच डायफ्राम. मागे स्ट्रेन गेज (वाकणं विजेच्या सिग्नलमधे बदलणाऱ्या पट्ट्या) चिकटवले, पुढे तो सिग्नल आकड्यात बदलणारी एचएक्स७११ चिप आणि नोंदी घेणारा ईएसपी३२ बोर्ड. मेन पाईपला वरून टी काढून ३० सेंमी नायलॉनच्या नळीने सेन्सर जोडला.

आता अडचण अशी. मोटर तीच, बंद करायची पद्धत तीच, तरी दाबाचं शिखर एकदा ५ किलो येतं, एकदा ९, एकदा ७. शिवाय प्रत्येक चाचणीनंतर शून्य (दाब नसतानाचा आकडा) थोडं वर सरकलेलं असतं. यातला कुठला आकडा खरा धरायचा? आणि सेन्सर नव्याने करायचा तर डायफ्रामची जाडी, व्यास कसा ठरवायचा?

कोरडवाहू | ९ मार्च, रात्री ११:१५

भाऊ, एवढं मोजमाप काहून करता? एक एअर व्हॉल्व्ह बसवा, ८ किलोचा पाईप टाका अन् मोकळे व्हा. आमच्या इकडं सगळे हेच करतात.

नाल्याकाठचा | ९ मार्च, रात्री ११:४०

दादा, ७०० मीटर पाईप बदलायचा खर्च मला झेपत नाही. आणि एअर व्हॉल्व्ह कुठे बसवायचा हेच तर कळायला हवं ना. मागच्या वर्षी अंदाजाने विहिरीजवळ बसवला, पाईप त्यानंतर दोनदा फुटला.

मीटरवाली | १० मार्च, सकाळी ७:२०

औष्णिक वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला २६ वर्षं काढली, आता चंद्रपूरला घरीच असते. तुमचा धागा सकाळी चहा घेता घेता वाचला आणि चहा तसाच राहिला.

आधी डायफ्राम बाजूला ठेवू. तुमच्या ९ आणि ५ चा पहिला संशयित ती नळी आहे. पाईपला वरून टी काढली म्हणता, म्हणजे पाईपातली हवा नेमकी तिथेच येऊन बसणार. नळी ४ मिमी आतल्या व्यासाची धरते. तिच्या टोकाला अर्धा सीसी हवा अडकली असेल, तर ती हवा झाली स्प्रिंग आणि नळीतलं ३० सेंमी पाणी झालं त्या स्प्रिंगला टांगलेलं वजन. ३ किलो दाबाला या जोडीची नॅचरल फ्रिक्वेन्सी, म्हणजे धक्का दिल्यावर ती सेकंदाला आपोआप किती झोके घेते तो आकडा, फक्त ३५ हर्ट्झच्या आसपास येते. हिशेब करून बघा. त्याच नळीत हवेचा थेंबही नसेल तर ती १२०० हर्ट्झपर्यंत जाते. हरभऱ्याच्या दोन-तीन दाण्यांएवढी हवा, आणि सेन्सरची चपळाई तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्यावर.

नुसता सेन्सर मंद झाला असता तर एक वेळ चाललं असतं. पण अशा जोडीला दाबाचा एकदम धक्का बसला की ती झुलते. दमन (झोके शमवणारा अडथळा) जवळजवळ नसेल, तर जितका धक्का बसला त्याच्या दुप्पट वर जाऊन परत येते. म्हणजे पाईपात दाब ३ वरून ६ वर गेला असेल, तर सेन्सर एका झोक्यात ९ दाखवेल. दुसऱ्या दिवशी बुडबुडा मोठा असला की अरुंद शिखर पूर्ण गिळून ५ दाखवेल. दोन्ही आकडे सेन्सरला खरेच बसले, पण पाईपात ते नव्हते.

आणखी एक. धक्का बसताना पाईप उडतो. नळी उभी असली तर तिच्यातलं ३० सेंमी पाणीही त्याबरोबर उडतं, आणि झटका गुरुत्वाच्या दहापट असेल तर त्या पाण्याच्या जडत्वानेच ०.३ किलोची खोटी भर पडते.

म्हणून नळी काढा. डायफ्राम पाईपाच्या आतल्या भिंतीच्या लगत आला पाहिजे, त्याच्यापुढे डबकं नको, बोगदा नको. वरून बसवाल तर हवा साचेल, खालून बसवाल तर गाळ. आडव्या पाईपाच्या बाजूला, घड्याळातल्या तीनच्या किंवा नऊच्या जागी बसवा.

आता चकतीचं. कडेला पक्क्या आवळलेल्या गोल चकतीत सगळ्यात जास्त ताण काठावर येतो. दाबाला त्रिज्या भागिले जाडी याच्या वर्गाने गुणायचं आणि त्याची पाऊणपट घ्यायची. तुमची त्रिज्या १० मिमी, जाडी ०.३. सहा किलोला ताण येतो ५०० मेगापास्कल (एक मेगापास्कल म्हणजे साधारण १० किलो). ३०४ चा साधा, मऊ पत्रा जेमतेम २०५ ला कायमचा वाकायला लागतो. दर चाचणीनंतर शून्य का सरकतं ते यात आलं, तुमची चकती दर वेळी थोडी फुगते. शिवाय त्या दाबाला मध्यभागी ती ०.२ मिमी हलते, म्हणजे स्वतःच्या जाडीच्या दोन तृतीयांश. इतकी हलली की दाब आणि वाकणं यांचं सरळ प्रमाण राहत नाही, चकती ढोलाच्या चामड्यासारखी ताणली जाते. हालचाल जाडीच्या पावपटीच्या बरीच आत ठेवावी.

लेथकाका | १० मार्च, दुपारी २:०५

ताईंनी बरोबर नस पकडली. माझं बडनेऱ्याला छोटं वर्कशॉप आहे, त्या अनुभवातून सांगतो.

पत्र्याची चकती फ्लँजमधे आवळून अचूक सेन्सर होत नाही. बोल्ट कमी-जास्त आवळले की चकतीत आधीच ताण भरतो. दाब आला की कडेचा पत्रा ओ-रिंगवर अर्ध्या केसाएवढा सरकतो, दाब गेला की पूर्ण मागे येत नाही. चढताना एक आकडा, उतरताना दुसरा. हिशेबात कड पक्की धरलेली असते, इथे ती पक्की नसतेच.

डायफ्राम आणि त्याची जाड कड एकाच दांड्यातून काढा. ३० मिमीचा गोल बार घ्या, मागून २० मिमी व्यासाचा खड्डा बोअर करा, पुढे तळ शिल्लक ठेवा. तो तळ म्हणजे डायफ्राम. कोपऱ्यात धारदार काटकोन सोडू नका, बारीक गोलाई द्या, कारण सगळा ताण तिथेच येतो आणि हजारो धक्क्यांनी चीर तिथूनच सुटते. शेवटचे काप हलके घ्या, एका वेळी पाच शतांश मिमीच्या वर नको. जोरात घेतलात तर टूलच्या दाबाने तळ मागे सरतो, आणि सोडल्यावर मधे जाड, काठाला पातळ असा घुमट तयार होतो. ०.८ मिमीच्या तळात पाच शतांशाची चूक म्हणजे जाडीत ६ टक्के, पण ताण जाडीच्या वर्गाने बदलतो म्हणून सिग्नलमधे १३ टक्के. सगळीकडे सारखी चूक असेल तर कॅलिब्रेशनमधे (माहीत असलेल्या दाबाशी आकडा जुळवताना) निघून जाते. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर ती कशानेच निघत नाही.

जाडी ०.८ च का म्हणालो: १० किलोला काठावर ११७ मेगापास्कल येतो, मधे हालचाल फक्त ०.०१७ मिमी. धातू सुखात राहतो.

खारपाणी | १० मार्च, सायंकाळी ६:३०

दर्यापूर भागातून लिहितोय. आमचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. धागाकर्त्यांकडे गोडं पाणी असेल, पण वाचणाऱ्यांत पूर्णा खोऱ्यातले लोक असतील म्हणून सांगतो. ३०४ ला खाऱ्या पाण्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. जाड फ्लँजला त्याने काही होत नाही, ०.८ मिमीच्या डायफ्रामला मात्र तो खड्डा म्हणजे चिरेची सुरुवात. ३१६ घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं, क्लोराइडला जास्त टिकतं. भावात थोडा फरक पडेल, पण दांडा लागतो केवढासा.

पहिलापाऊस | १० मार्च, रात्री ९:१०

मी पुसदला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन शंका. पंप बंद झाल्यावर पाणी थांबायला हवं, दाब वाढतो कसा? आणि डायफ्रामची फ्रिक्वेन्सी किती लागते ते कसं ठरवायचं? आम्हाला सूत्र शिकवलं, पण किती पुरे ते नाही सांगितलं.

मीटरवाली | ११ मार्च, सकाळी ६:५५

बेटा, दोन्ही शंका चांगल्या आहेत.

धावतं पाणी अचानक अडवलं की दाब किती उसळतो याचा हिशेब निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ साली मांडला. पाण्याची घनता, पाईपातल्या तरंगाचा वेग आणि पाण्याच्या वेगात झालेला बदल, या तिघांचा गुणाकार. मोकळ्या पाण्यात तरंग सेकंदाला १४८० मीटर धावतो. पीव्हीसीची भिंत मऊ असते, ती फुगून तरंगाला मंद करते. ९० मिमीच्या ६ किलो पाईपात, भिंत तीनेक मिमी धरली तर, वेग ३०० च्या आसपास येतो. धागाकर्त्यांच्या पाईपात पाणी अंदाजे १.३ मीटर वेगाने वाहत असणार. गुणाकार केला की ३.९ लाख पास्कल, म्हणजे जवळपास ४ किलो.

पण लाईन गेली की पंपापाशी हा बदल आधी उलट्या दिशेने होतो. पंप ढकलायचा थांबतो, पाणी मात्र वेगात असल्याने पुढे जात राहतं, मागे दाब ४ किलोने खाली येऊ पाहतो. पाईपात होते साडेतीनच, आणि चढावर त्याहून कमी. त्यामुळे उंचवट्याच्या जागी दाब वातावरणाच्या खाली जातो, पाण्याचा खांब तुटतो, मधे वाफेची पोकळी होते. मग वरचं पाणी परत फिरतं, पोकळी मिटते आणि दोन खांब एकमेकांवर आदळतात. ते शिखर अगदी अरुंद असतं आणि झुकोव्स्कींच्या सरळ हिशेबाच्या वरही जाऊ शकतं. म्हणून नाल्याकाठचे भाऊ, सेन्सर शून्याच्या खालीही मोजणारा हवा, उणे १ पासून पुढे.

दुसरी शंका. ०.८ मिमी जाड, १० मिमी त्रिज्या, स्टेनलेस. हवेत नॅचरल फ्रिक्वेन्सी निघते १९ किलोहर्ट्झ. पण एका बाजूला पाणी असलं की डायफ्राम हलताना थोडं पाणीही सोबत हलवतो, त्याचं वजन वाढतं. होरेस लॅम्ब यांनी १९२० साली हा हिशेब करून ठेवला आहे. तुमच्या मापांना फ्रिक्वेन्सी उतरून साडेतेरा किलोहर्ट्झवर येते. जाहिरातीत हवेतला आकडा असतो, पाण्यासाठी विकत घेताना हे विसरू नये.

नॅचरल फ्रिक्वेन्सीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत मोजलं तर चूक ४ टक्के, दहाव्या हिश्श्यापर्यंत १ टक्का. म्हणजे १.३ किलोहर्ट्झपर्यंत निर्धास्त.

चौथीपाळी | ११ मार्च, दुपारी १२:४०

माझं मत वेगळं आहे. ७०० मीटरच्या पाईपात तरंग जाऊन परत यायलाच ४.७ सेकंद लागतात. एवढ्या संथ गोष्टीला १३ किलोहर्ट्झचा डायफ्राम कशाला? बाजारात पाच व्होल्टवर चालणारे, पाव इंची आट्यांचे तयार सेन्सर मिळतात, दोन-तीन मिलिसेकंदांत प्रतिसाद देतात. तो लावा, लेथचा खर्च वाचवा.

नाल्याकाठचा | ११ मार्च, रात्री १०:२०

दादा, तयार सेन्सर आधीच मागवून बघितला होता. त्याच्या पुढे पेनाच्या रिफिलएवढं भोक आणि त्यामागे छोटी खोली आहे. त्या खोलीतली हवा काही केल्या पूर्ण निघत नाही. ताईंचा मुद्दा वाचल्यावर कळलं, की तोही मला त्याच कारणाने फसवत होता.

मीटरवाली | ११ मार्च, रात्री १०:५५

चौथीपाळी यांचं अर्धं बरोबर आहे. मुख्य तरंग संथच आहे, आणि इथे १३ किलोहर्ट्झ कामाचेही नाहीत. ०.८ मिमी जाडी निघाली ती ताणाच्या हिशेबातून, फ्रिक्वेन्सी त्याबरोबर आपोआप मिळाली. पण पोकळी मिटतानाचं शिखर काही दशक मिलिसेकंदांचं असतं आणि पाईप फोडतं तेच. ते नीट पाहायला २०० ते ४०० हर्ट्झ लागतात. तेवढं कुठलाही बरा डायफ्राम देतो. नळी, हवा आणि एचएक्स७११ देत नाहीत.

हो, एचएक्स७११ विषयी सांगायचं राहिलं होतं. तो वजनकाट्यासाठी केलेला आहे. सेकंदाला १० किंवा ८० नोंदी. ८० वर ठेवला तरी एकदम बदललेला आकडा पूर्ण उमटायला त्याला ५० मिलिसेकंद लागतात. तुमचं शिखर तेवढ्यात येऊन गेलेलं असतं. सेकंदाला २००० नोंदी घेणारा एडीसी (सिग्नल आकड्यात बदलणारी चिप) आणि त्याच्यापुढे बारीक सिग्नल मोठा करणारा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर लावा. एडीसीच्या आधी ३.९ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. ४०० हर्ट्झच्या वरचं दबून जाईल, नाहीतर वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट खालच्या फ्रिक्वेन्सीचं रूप घेऊन नोंदीत शिरतो आणि मग ओळखू येत नाही.

नाल्याकाठचा | २ एप्रिल, रात्री ९:३०

मंडळी, तीन आठवडे कामात गेले. नवा सेन्सर झाला. सविस्तर लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

लेथकाकांकडेच बडनेऱ्याला जाऊन ३१६ च्या दांड्यातून डायफ्राम काढून आणला. काकांनी शेवटचे काप घेताना मशीनला हात लावू दिला नाही, नुसतं बघ म्हणाले. तळ चार ठिकाणी मोजला, ०.७९ ते ०.८१.

स्ट्रेन गेज चिकटवणं हे सगळ्यात निगुतीचं काम निघालं. मागची बाजू ३२० नंबरच्या कागदाने गोल गोल घासली, मग असिटोनने एकाच दिशेने पुसत गेलो. पांढऱ्या कापसावर काळसरपणा येतो, तो पार थांबेपर्यंत. अठरा बोळे लागले. पहिल्या वेळी झटपट चिकटणारा गोंद वापरला होता, तो उन्हात आणि दमटपणात हळूहळू सरकतो, म्हणून आता भट्टीत पक्का होणारा इपॉक्सी घेतला. दोन गेज मध्यभागी, दोन काठाजवळ. दाब आला की मधले ताणले जातात, काठाचे दाबले जातात. चौघांचा पूर्ण ब्रिज (चार गेजची चौकोनी जोडणी) केला की सिग्नल भरतो आणि चौघंही सारखेच तापत असल्याने उन्हाचा परिणाम बराचसा एकमेकांत कटतो. हिशेबाने १० किलोला, ब्रिजला दिलेल्या दर व्होल्टमागे ०.८३ मिलिव्होल्ट यायला हवे होते, आले ०.७९.

वरून सिलिकॉनचा थर दिला. दुकानात मिळणाऱ्या सिलिकॉनला सिरक्यासारखा वास येत असेल तर घेऊ नका, त्यातलं आम्ल तांब्याच्या तारा खातं. बिनवासाचा न्यूट्रल मिळतो तो घ्या.

मग तपासणी. स्थिर दाबासाठी गावच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरून पारदर्शक नळी सोडली, १२ मीटर पाण्याचा खांब म्हणजे १.२ किलो. वरच्या दाबांसाठी अमरावतीच्या एका कॉलेजात डेडवेट टेस्टरवर (वजनं ठेवून नेमका दाब देणारं यंत्र) १० किलोपर्यंत चढवून उतरवला. चढता-उतरता फरक पाव टक्क्याच्या आत.

पण स्थिर दाबाला बरोबर असलेला सेन्सर धक्क्यालाही बरोबर असेल असं नाही, हे मीटरवाली ताईंनी फोनवर चार वेळा बजावलं होतं. प्रयोगशाळेत त्यासाठी शॉक ट्यूब (दाबाचा एकदम धक्का देणारी नळी) असते. आम्ही सेन्सरच्या तोंडाला पाईपाचा बोटभर तुकडा लावला, त्यावर ठिबकच्या पॅकिंगचं पॉलिथिन ताणून बांधलं, सायकलच्या पंपाने फुगवलं आणि तापल्या सुईने फोडलं. दाब एका झटक्यात खाली. अँप्लिफायर थेट लॅपटॉपच्या साऊंड कार्डला जोडला होता, ते सेकंदाला ४८००० नोंदी घेतं. पडद्यावर डायफ्राम घंटेसारखा वाजताना दिसला, १७.८ किलोहर्ट्झ. हिशेबात १९ होते. काका म्हणाले, कड कितीही जाड केली तरी ती किंचित हलतेच, एवढा फरक येणार. मुलगी शेजारी बसून बघत होती, तिने ते फोडणं मला आणखी सहा वेळा करायला लावलं.

मीटरवाली | २ एप्रिल, रात्री ९:५०

वाचून फार आनंद झाला. पाईपावर लावायच्या आधी एक चाचणी चुकवू नका. सेन्सर पाईपाला न जोडता, तोंड मोकळं ठेवून, त्याच जागी टांगा आणि मोटर चालू-बंद करा. स्टार्टरचा काँटॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सुटतो तेव्हा ठिणगी उडते, आणि तो क्षण तुम्हाला मोजायचा आहे तोच असतो. मोकळ्या सेन्सरवरही शिखर दिसलं तर ते विजेचं आहे.

नाल्याकाठचा | ४ एप्रिल, रात्री १०:१५

ताई, तुमचे उपकार. मोकळ्या सेन्सरवर दोन किलोचं शिखर आलं! मी ते पाण्याचं समजून लिहून ठेवलं असतं. मग सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतलं, केबल जाळीवाली वापरली, जाळी एकाच टोकाला अर्थ केली आणि ती मोटरच्या केबलपासून लांब, बांधाच्या दुसऱ्या बाजूने नेली. आता मोकळा सेन्सर मोटर बंद होताना ०.०५ किलोच्या वर हलत नाही.

आणखी एक अनुभव. दुपारी ४३ अंशांत तापलेल्या सेन्सरवर विहिरीचं गार पाणी आलं की पहिली दोनेक मिनिटं शून्य सरकतं. पुढची बाजू गार, मागची गरम, म्हणून चकती स्वतःच किंचित वाकते. पूर्ण ब्रिज असूनही हे कटत नाही. मी आता पाणी दहा मिनिटं वाहू देतो, मगच चाचणी घेतो. सेन्सरवर ओलं पोतं टाकलं आहे.

खारपाणी | ५ एप्रिल, सकाळी ८:००

उन्हाचा विषय निघाला म्हणून. पीव्हीसीचे ६ किलो हे २७ अंशांचे असतात, भारतीय मानक ४९८५ मधे तसंच धरलंय. उघड्यावर पडलेला पाईप एप्रिलात हात लावू देत नाही, तेव्हा तो ६ किलोचा राहिलेला नसतो. जिथे पाईप मातीच्या वर आहे तिथे आधी झाका.

नाल्याकाठचा | ९ एप्रिल, रात्री ११:०५

मोजमाप झालं. दोन जागी सॅडल (पाईपाभोवती आवळायची, भोकाची पकड) लावून बाजूने सेन्सर बसवला, एक विहिरीपाशी, दुसरी साडेतीनशे मीटरवर, जिथे पाईप नाल्याचा बांध ओलांडायला वर चढून परत खाली उतरतो. प्रत्येक जागी पाच-पाच वेळा मोटर बंद केली.

विहिरीपाशी सगळ्यात वरचं शिखर ५.८ ते ६.१ किलो. पाचही वेळा एवढंच. महिनाभर ५, ९, ७ बघितल्यावर पाच आकडे एका ओळीत आलेले पाहून मी विहिरीच्या काठावर बसूनच राहिलो.

बांधाच्या उंचवट्यावर चित्र वेगळं. मोटर बंद झाल्यावर सव्वा सेकंदाने दाब उणे ०.९ वर जातो आणि तिथेच तीन सेकंद सपाट रेघ मारतो. ताई म्हणाल्या ती पोकळी हीच. मग ती मिटते आणि ८.३ किलोचं शिखर येतं, रुंदी सुमारे ४० मिलिसेकंद. सहा किलोचा पाईप, तोही उन्हात तापलेला. पाच फुटींपैकी चार याच उंचवट्याच्या दोन्ही अंगांना वीस मीटरच्या आत झाल्या आहेत. मी मागच्या वर्षी एअर व्हॉल्व्ह बसवला तो इथून साडेतीनशे मीटर लांब, विहिरीपाशी.

कोरडवाहू | ९ एप्रिल, रात्री ११:३०

राजेहो, आमच्या शेतातही पाईप बांधावरच फुटते. मी आजवर म्हणत होतो पाईप बनावट हाय म्हणून. भाऊ, तुमचा सेन्सर दोन दिवस आमच्याकडं आणता का? मोर्शीपासून जवळ हाय. जेवाले इकडंच या.

लेथकाका | १० एप्रिल, सकाळी ७:१०

उंचवट्यावर हवा आत घेणारा आणि हळू सोडणारा व्हॉल्व्ह हवा. नुसता हवा सोडणारा बसवलात तर पोकळीच्या वेळी तो काही करणार नाही. आणि झटक्यात हवा सोडणारा असेल तर शेवटी तोच धक्का देतो. विकत घेताना दुकानदाराला हे स्पष्ट विचारा.

नाल्याकाठचा | २१ एप्रिल, रात्री ९:४०

काकांनी सांगितलेला व्हॉल्व्ह उंचवट्यावर बसवला, तिथल्या पाईपावर दीड फूट माती ओढली. आज पुन्हा पाच चाचण्या. दाब आता उणे ०.३ च्या खाली जात नाही, सपाट रेघ नाहीशी झाली आणि वरचं शिखर ४.४ ते ४.७ किलो.

कोरडवाहू दादा, शनिवारी सकाळी सेन्सर, बॅटरी आणि सॅडल घेऊन येतो. पाईप ९० चाच आहे की ७५ चा, तेवढं मोजून कळवा. आणि बांधावर पाईपाची एक बाजू कोपरभर उकरून ठेवा, सेन्सर बाजूनेच बसवायचा आहे.